चिऊच्या दारात

चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत घडतं तरी किती? पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, मेणाचं राहतं आणि भिजलेला कावळा चिमणीच्या दारात उभा राहून दार उघडण्याची विनवणी करत राहतो. चिमणी आतूनच सांगते, बाळाला न्हाऊ घालतेय. मग अंग पुसतेय, काजळ घालतेय, तीट लावतेय, निजवतेय. विनवणी दर वेळी तीच, चिमणीच्या उत्तरातली एखादीच गोष्ट बदलते. एखाद्या पंडितानं मुद्दाम बसून भाषेचा धडा रचला असता, तरी तो इतका नेटका झाला नसता. शिवाय ही सगळी क्रियापदं मुलाच्या अंगावरून गेलेली. ‘पुसणं’ हा शब्द कळण्याआधी त्यानं पंच्याची ऊब अनुभवलेली असते.

आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुलं आहेत. कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या घरी तेलुगू. सेविकाताई ही गोष्ट सांगतात तेव्हा मी मागे बसून ऐकते. त्या शब्दांचे अर्थ सांगत बसत नाहीत. फळीवर टकटक करतात, पदर डोक्यावर ओढून कुडकुडतात, मांडीवरच्या बाहुलीला खरोखर पुसतात. सुरुवातीला मुलं नुसती बघतात. पुढे टकटक झाली रे झाली, की कावळ्याची विनवणी सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. ताई चुकून तीट विसरल्या, तर मुलं गोष्ट पुढे जाऊ देत नाहीत. परवा तेलुगू बोलणारी एक चिमुरडी बाहुलीला घेऊन कोपऱ्यात बसली होती आणि दाराकडे न बघता म्हणाली, ‘थांब, बाळाला भात भरवतेय.’ भात भरवणं ताईंच्या गोष्टीत कुठेच नव्हतं. ‘बाळ’चं ‘बाळाला’ कसं होतं, हेही तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. वाक्याचा साचा तिनं उचलला आणि त्यात आपलं घर भरलं.

१९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांना गोष्टीची ही ताकद ठाऊक होती. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक दंगेखोर वर्गाला गोष्टींनीच आपलंसं करतो. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे अनुताई वाघांना सोबत घेऊन कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये रमल्या. तिथेही घरची बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी होती. एवढा वारसा घरात असताना आपण गोष्ट संपते न संपते तोच तात्पर्य विचारतो, याचं मला फार वाईट वाटतं. तात्पर्य विचारलं, की मूल गोष्टीतून उठून परीक्षेला बसतं.

आणि गोष्टींची ये-जा दोन्ही बाजूंनी व्हावी. तेलुगू घरांत सात माशांची गोष्ट सांगतात. राजाच्या सात मुलांनी आणलेल्या सात माशांपैकी एक वाळत नाही. माशा, का वाळला नाहीस? गवताची गंजी आड आली. गंजी, का आड आलीस? गाईनं खाल्लं नाही. गाईकडून गुराख्याकडे, गुराख्याकडून जेवण न वाढणाऱ्या म्हातारीकडे, तिच्याकडून रडणाऱ्या बाळाकडे आणि बाळाकडून त्याला चावलेल्या मुंगीकडे. त्या चिमुरडीच्या आईला ताईंनी ही गोष्ट तेलुगूतच सांगायला बोलावलं आहे. आमची मराठी मुलं प्रत्येक ‘का’ तेलुगूत विचारत विचारत थेट मुंगीपर्यंत जातील, आणि मुंगी त्यांना ठसक्यात सांगेल, माझ्या सोन्याच्या वारुळात बोट घातलं, तर मी चावणार नाही होय?