आधी प्रश्न, मग मांडणी

ज्याने एकदा खतावणी लिहिली आहे, त्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. रोजकीर्दीतील आणि खतावणीतील नोंदी त्याच असतात, रकमाही त्याच. तरीही ‘पाच तारखेला काय घडले’ हे रोजकीर्द चटकन सांगते, आणि ‘अमुक गिऱ्हाइकाकडे येणे किती’ हे विचारले की खतावणीच उघडावी लागते. माहिती एक, प्रश्न दोन. म्हणून मांडण्याही दोन. संगणकशास्त्रात अशा मांडणीला ‘डेटा स्ट्रक्चर’ म्हणतात. तिचे मोल शब्दकोड्यांच्या प्रोग्रामांत फार स्पष्ट दिसते.

समजा, सात निरनिराळी अक्षरे दिली आहेत आणि त्या सर्वांचा मिळून होणारा शब्द शोधायचा आहे. सात अक्षरे ५०४० क्रमांनी मांडता येतात. शब्दसंग्रह ९४ हजार शब्दांचा असेल आणि प्रत्येक क्रम यादीच्या आरंभापासून अखेरपर्यंत पडताळला, तर सुमारे ४७ कोटी तुलना होतात. तीच यादी अकारविल्हे लावून, दरवेळी उरलेला भाग मधोमध उघडत गेले, तर एका क्रमासाठी जास्तीत जास्त १७ तुलना पुरतात. एकूण सुमारे ८६ हजार. याहूनही सोपा मार्ग आहे. संग्रहातील प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून त्याची एक किल्ली करावी. ‘गरम’ आणि ‘मगर’ या दोहोंची किल्ली ‘गमर’ होते आणि दोन्ही शब्द एकाच कप्प्यात जातात. दिलेल्या अक्षरांचीही तशीच किल्ली करून तो कप्पा उघडला की काम झाले. ५०४० क्रम मांडण्याची गरजच उरत नाही. संगणक तोच, शब्दही तेच. बदलली ती केवळ मांडणी.

मात्र प्रश्न बदलला की ही किल्ली निरुपयोगी ठरते. स्क्रॅबलच्या खेळात पटावर आधीच शब्द असतात. त्यांना जोडून अक्षरे मांडताना ‘या अक्षरांनी सुरू होणारा एखादा तरी शब्द आहे का’ हे पावलोपावली विचारावे लागते. त्यासाठी वंशावळीसारखी मांडणी लागते. १९६० मध्ये एडवर्ड फ्रेडकिन यांनी तिला ‘ट्राय’ हे नाव दिले. तिच्यात ‘करवत’ आणि ‘करवंद’ यांचा समान आरंभ एकदाच लिहिला जातो आणि पुढे फांद्या फुटतात. जिथे फांदी नाही, तिथे शोध थांबवता येतो.

१९८८ मध्ये अँड्र्यू अ‍ॅपल आणि गाय जेकबसन यांनी आपल्या स्क्रॅबल प्रोग्रामात शब्दांचे समान शेवटही एकत्र केले. जसे ‘दुकानदार’ आणि ‘भागीदार’ यांतील ‘दार’. वर घेतलेला ९४ हजारांचा आकडा त्यांच्याच इंग्रजी शब्दसंग्रहाचा आहे. त्याच्या ट्रायमध्ये सुमारे १ लाख १७ हजार गाठी होत्या. शेवट जोडल्यावर त्या २० हजारांच्या आत आल्या. ही बचत फुकटची नव्हे. अनेक शब्दांचा शेवट एकाच गाठीवर होत असल्याने तिथे एकेका शब्दाचा अर्थ टांगून ठेवता येत नाही, आणि नवा शब्द घालणेही किचकट होते. १९९४ मध्ये स्टीव्हन गॉर्डन यांनी उलट सौदा केला. त्यांच्या मांडणीला सुमारे पाचपट जागा लागली, पण चाली शोधण्याचा वेग दुपटीहून थोडा अधिक झाला. गोदामाचे भाडे वाढवून वेळ वाचवावा की नाही, याचा निर्णय व्यापाऱ्यालाही असाच घ्यावा लागतो.

मराठी कोड्यांसाठी त्याआधीच एक प्रश्न सोडवावा लागतो: अक्षर कशाला म्हणायचे? युनिकोड पद्धतीत काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे स्वतंत्र नोंदवली जातात. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्राम जसाच्या तसा उचलला, तर त्याला ‘नवरा’ आणि ‘वानर’ हे एकाच किल्लीचे शब्द वाटतात, कारण दोन्हींत न, व, र आणि एक काना आहे! वाचक हसतील, पण कोडे सोडवणारे मूल गोंधळेल. ‘नवरा’ या शब्दाला तो प्रोग्राम चार चौकटी देईल, वर्तमानपत्रातील मराठी कोड्यात मात्र तीनच लागतात. म्हणून किल्ली करण्यापूर्वी शब्दाचे न-व-रा आणि वा-न-र असे तुकडे पाडले पाहिजेत. ही पायरी चुकली, तर पुढची मांडणी कितीही वेगवान असो, ती चुकीचे उत्तर वेगाने देईल.

घरातील जी मुलेमुली असा प्रोग्राम लिहू पाहतात, त्यांनी यंत्राकडे वळण्यापूर्वी वहीत चार ओळी लिहाव्यात. एकक कोणते? प्रश्न कोणता, आणि तो किती वेळा विचारला जाणार? शब्द पुढे वाढणार आहेत का? जागा किती खर्चता येईल? ही उत्तरे कागदावर आली, की मांडणीची निवड बरीचशी आपोआप होते.