चार बाइट पुढे

आमच्या हॉस्टेलात कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही, गावाने मारतात. त्यामुळे माझा रूम पार्टनर 'दिग्रस' आणि मी 'बाभुळगाव'. फायनल इयरला अर्ध्या वर्गाने प्रोजेक्ट म्हणून वेबसाइट घेतली, आम्ही दोघांनी लिंकर घेतला. लिंकर म्हणजे काय हे घरी सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. समजलं फक्त आजीला!

कंपायलर प्रत्येक फाइल वेगवेगळी तयार करतो. एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन बोलवायचं असेल तर ते शेवटी मेमरीत कुठे बसणार हे त्याला माहीतच नसतं. मग तो कॉलच्या सूचनेत चार बाइट रिकामे सोडतो आणि बाजूला एक चिठ्ठी लिहून ठेवतो, 'इथे अमक्याचा पत्ता भरा'. ही चिठ्ठी म्हणजे रिलोकेशन. आजीला एवढं सांगितलं तर ती म्हणाली, "मंग हे पुनर्वसनच झालं ना बापू."

माझं आजोळ बेंबळा प्रकल्पात गेलं. आजी सांगते, "आमच्या बाजूचे सारे नव्या गावठाणात बी बाजूलेच आले, तं त्यायचं घर कोणाले इचारा नाही लागलं. पण कागदावर जिथं जिथं जुनं गाव होतं, तिथं तिथं बदलवा लागलं." मी थक्क झालो. बरोबर हलणाऱ्या दोन गोष्टींमधलं अंतर तेच राहतं, पूर्ण पत्ता मात्र प्रत्येक ठिकाणी दुरुस्त करावा लागतो. सापेक्ष आणि निरपेक्ष रिलोकेशनमधला फरक हाच. असो.

कामाची वाटणी अशी होती : ऑब्जेक्ट फाइल वाचणं माझ्याकडे, रिलोकेशन दिग्रसकडे. आणि दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोणाचाही कोड पुढे जायचा नाही, असा नियम. नियम माझाच.

एका रात्री साडेअकराला त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "पाहून घे ना बे एकदा." मी वरून खाली गेलो, खालून वर आलो. कंस जुळत होते, नावं नीटनेटकी होती. टेस्ट चालवली. दोन फाइली जोडल्या, बेरीज करणारं छोटं फंक्शन बोलावलं, उत्तर बरोबर! म्हटलं, "भारी आहे भाऊ. झोप आता."

आठवड्याने लॅबमध्ये प्रेझेंटेशन. सरांच्या समोर तिथल्याच मशीनवर तीच टेस्ट नव्याने कंपाइल केली, आमच्या लिंकरने जोडली, चालवली आणि पडद्यावर एक ओळ आली : सेगमेंटेशन फॉल्ट. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. दिग्रस प्रोजेक्टरच्या उजेडात उभा, कान लाल. सरांनी विचारलं, "कोड तपासला होता का कोणी?" तो म्हणाला, "आम्ही दोघांनी पाहिला होता, सर." मी दुसऱ्या बाकावर खाली मान घालून बसलो होतो. मी तपासला नव्हता, नुसता पाहिला होता, हे त्यालाही माहीत होतं.

त्या रात्री तो बोलला नाही. मी वही घेऊन बसलो आणि एकच रिलोकेशन हाताने सोडवलं. सूत्र सोपं आहे : फंक्शनचा पत्ता, अधिक चिठ्ठीवरचा आकडा, वजा रिकाम्या जागेचा पत्ता. चिठ्ठीवरचा आकडा होता उणे चार. कारण प्रोसेसर अंतर मोजतो ते रिकाम्या जागेपासून नाही, ते चार बाइट संपल्यावर येणाऱ्या पुढच्या सूचनेपासून. दिग्रसच्या कोडमध्ये हा उणे चार कुठेच नव्हता! तो जागेवर आधीच असलेल्या आकड्यात मिळवत होता, आणि जागेवर होतं शून्य.

त्याचं चुकलं कुठे तेही कळलं. सीनियर्सकडून आमच्याकडे आलेलं आयआयटी मुंबईच्या प्रा. ढमढेरे यांचं सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगचं पुस्तक त्याने मनापासून वाचलं होतं. त्यातला लिंकर ८०८८ साठीचा आहे, तिथे जागेवरच्या पत्त्यातच मिळवायचं असतं आणि ते बरोबरच आहे. ३२ बिटच्या इंटेल लिनक्सवरही हा आकडा जागेवरच असतो. ६४ बिटला तो चिठ्ठीवर गेला.

म्हणजे आमचा प्रत्येक कॉल फंक्शनच्या सुरुवातीला न जाता चार बाइट पुढे जाऊन पडत होता. मग हॉस्टेलात चाललं कसं? यावर मी दोन तास घालवले. माझ्या उबंटूचा जीसीसी प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एंडबीआर६४ नावाची सुरक्षेची सूचना टाकतो. तिची लांबी बरोबर चार बाइट! आम्ही तेवढीच ओलांडून नेमके कामाच्या जागी उतरत होतो. लॅबमधल्या डेबियनवर ती सूचना नव्हती. तिथे पहिल्या चार बाइटमध्ये जुना बेस पॉइंटर स्टॅकवर ठेवण्याचं काम होतं, ते राहून गेलं. शेवटी काढताना मात्र काढलाच, म्हणून परतीचा पत्ता भलत्याच ठिकाणी गेला आणि प्रोग्रॅम कोसळला.

आमच्या टेस्टमध्ये एक जरी स्ट्रिंग किंवा ग्लोबल व्हेरिएबल असता तर त्याच रात्री पितळ उघडं पडलं असतं. टेस्टमध्ये काय नाही, हे विचारणं माझंच काम होतं.

पहाटे त्याला उठवलं, वही दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "चहा पाज." बसस्टँडवर जाऊन दोन-दोन कट घेतले. परत आल्यावर मी त्याचा कोड पहिल्या ओळीपासून वाचला, शेजारी रीडएल्फ आणि ऑब्जडम्पचं आउटपुट उघडं ठेवून. आणखी एक सापडलं : ६४ बिटचा पत्ता ३२ बिटच्या जागेत मावतो का, हे न बघताच तो भरत होता. खरा लिंकर अशा वेळी ओरडून थांबतो, आमचा गुपचूप वरचे आकडे कापत होता.

सध्या माझा फाइल वाचणारा कोड त्याच्याकडे तपासायला आहे. आज तिसरा दिवस. चौदा शेरे आलेत, त्यातले दोन नुसते स्पेलिंगचे आहेत.