फायबर सडत नाही, म्हणे!

सेकंडहँड बाइक घेताना आपण काय बघतो? किलोमीटर, टायर, इंजिनचा आवाज. होडीचं त्यापेक्षा सोपं आहे. खिशातलं नाणं काढायचं आणि टकटक करत फिरायचं. टणटणीत वाजली तर ठीक. आवाज बसका आला की समजायचं, आत गडबड आहे.

रेवदंड्याला काकाच्या वाडीत १४ फुटी फायबरची होडी कित्येक वर्षं पालथी पडून होती. वर झावळ्या, खाली कोंबड्या. एके काळी काका ती घेऊन कुंडलिकेच्या खाडीत गरी टाकायला जायचा. मग गुडघे कुरकुरायला लागले, आउटबोर्ड मशीन विकलं, होडी तेवढी राहिली. आता काकूला नेमकी तिथेच होमस्टेची खोली काढायचीय. भंगारवाल्याला बोलावलं. तो बघून हसला आणि गेला! लोखंड किलोवर जातं, लाकूड चुलीत जातं. फायबरमधलं रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक नाही. जाळावं तर विषारी धूर. काका शांतपणे म्हणाला, "मी गेल्यावर ही तुझ्याच गळ्यात पडणार बघ." म्हटलं, मग तू असतानाच पडू दे!

दिवाळीनंतर शनिवार-रविवार मांडवा गाठायला सुरुवात केली. (मित्रांचा समज, मी बीचवर लोळतेय.) काम पावसाच्या आत संपवायचं होतं, कारण दमट हवेत रेझिन नीट धरत नाही. शिकवायला कोळीवाड्यातले एक मिस्त्री होते.

नाण्याने पहिल्याच दिवशी पोल उघडली. बाकी होडी ठणठणीत, पण जिच्यावर मशीन टांगतात ती मागची फळी बसकी वाजली. बाहेरून एकदम चकाचक. आतल्या बाजूचं फायबर कापलं, तर मधल्या प्लायवूडचा ओल्या चहापत्तीसारखा चुरा झालेला. फायबर सडत नाही हे खरंच, पण त्याच्या पोटातलं लाकूड सडतं. मशीनच्या बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपत राहतं आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. दोन वीकेंड मी स्क्रू ड्रायव्हरने तो चोथा उकरत होते. मग सगळं कोरडं होईपर्यंत नुसती वाट बघायची. हे सगळ्यात कठीण काम, कारण करण्यासारखं काहीच नसतं. नवं मरीन प्लाय इपॉक्सीने चिकटवलं. साधं पॉलिएस्टर रेझिन लाकडाला तेवढं घट्ट धरत नाही.

तळाच्या तड्यांना मात्र पॉलिएस्टर. त्यात कोबाल्ट आधी ढवळून घ्यायचं, हार्डनर अगदी शेवटी. हे दोन थेट एकमेकांत पडले तर भडका उडू शकतो, म्हणून मिस्त्री दोन्ही बाटल्या वाडीच्या दोन टोकांना ठेवतात. एका वेळी मगभर कालवायचं आणि झटपट पसरायचं, नाहीतर मगातच ते तापून धुमसायला लागतं. तड्यावर नुसतं ठिगळ मारून भागत नाही. कडा ग्राइंडरने उतरत्या करायच्या, जाडीच्या साधारण १२ पट लांब उतार. म्हणजे ५ मिलिमीटर जाडीला दोन्हीकडे ६० मिलिमीटर. मग काचेच्या मॅटचे थर, आणि रोलरने बुडबुडे काढत बसायचं. ती ग्राइंडरची धूळ! खाजकुयली परवडली. गरम पाण्याने आंघोळ केलीत तर आणखी हाल. गार पाणीच घ्या. आणि मास्क वासासाठी वेगळा लागतो, कार्ट्रिजवाला. धुळीच्या मास्कला रेझिनचा वास जुमानत नाही.

तुम्हाला वाटेल, एवढ्या खटाटोपात नवी आली असती. नवी आली असती, पण जुनी तिथेच राहिली असती.

मे महिन्यात आठ जणांनी ती सुलटी केली. काकाने स्टूल मागवलं, चढून आत बसला आणि सुक्या जमिनीवरून आम्हाला ऑर्डर सोडायला लागला, "जरा डावीकडे घ्या!" मशीन अजून नाही, वल्ही आहेत. पावसाळा संपला की खाडीत उतरवायचीय. गरी आणि दोरा काकाने आणूनही ठेवलाय. काकूला सांगितलंय, होडीत बसूनच जायचं असतं, गुडघे कुणाला लागतात!