अडीच घरांची उडी

माझ्या लहानपणी हार्बरची गाडी मानखुर्दला येऊन संपत असे. पुढे खाजण, मग खाडी. १९९२ साली रूळ पुलावरून वाशीला गेले, तेव्हा आमचे अण्णा म्हणाले होते, “आपल्याला काय करायचंय पलीकडे जाऊन?” हा स्वभाव मी त्यांच्याकडून जसाच्या तसा उचलला.

परवा मुलीने एक जपानी खेळ घरात आणला. नाव शोगी. आमच्या बुद्धिबळाचा हा दूरचा चुलतभाऊ. पण घरे ८१ आणि प्रत्येकाकडे सोंगट्या २०. सोंगट्यांना दोन रंग नाहीत. टोक कुणाकडे रोखले आहे त्यावरून धनी ओळखायचा. मारलेली सोंगटी मरत नाही. ती मारणाऱ्याच्या हाती जाते आणि पुढे संधी साधून त्याच्या बाजूने पटावर उतरते.

राजासाठी किल्ला बांधायची तिकडे रीतच आहे. त्यातला ‘आनागुमा’, म्हणजे बिळातले अस्वल, मला फार आवडला. राजाला अगदी कोपऱ्यात सारायचे आणि भोवती आपल्याच सोंगट्यांची भिंत उभारायची! मी ती उभारली आणि निर्धास्तपणे तिचा हत्ती टिपला, मग उंटही.

ती मात्र खेळ्या मोजत होती. अखेरच्या टप्प्यात मालापेक्षा वेग मोठा, अशी जपानी खेळाडूंत म्हण आहे. आपली मोहरी देऊन तिने माझ्या भिंतीची एकेक वीट काढली आणि तीच वीट माझ्या दारात आणून ठेवली. भिंत पडली तेव्हा कळले, राजाला पळायला घरच उरलेले नाही.

“प्यादेमात दिली असतीस तर खरी!” मी हरलेल्याच्या तोऱ्यात म्हणालो. आपल्याकडे तिचा केवढा मान! त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या बुद्धिबळावरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईतच छापले गेले. त्यातही प्यादेमातीचे डाव आहेत.

ती हसली. “बाबा, शोगीत हातातलं प्यादं ठेवून मात द्यायला मनाई आहे!”

रात्री झोप लागेना. टेबलाच्या खणात ओसाकाहून आलेले तिच्या नोकरीचे पत्र दोन आठवडे पडून होते. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच. ‘परका मुलूख’, ‘माझी तब्येत’, ‘पुढच्या वर्षी पाहू’... किती सोंगट्या मी तिच्याभोवती रचल्या होत्या! आणि खरे सांगू? त्या भिंतीआडच्या कोपऱ्यात मीच बसलो होतो.

अण्णांनी शिकवलेल्या देशी डावात एक नियम होता. राजाला सबंध डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. मात्र शह बसण्यापूर्वी. एकदा शह बसला की तो हक्क गेला. अण्णांनी नियम शिकवला. उडी स्वतः कधी घेतली नाही.

सकाळी मी पत्र तिच्या हाती दिले. “उत्तर आजच पाठव,” म्हटले. तिने पत्राकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि चहा ठेवायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

यंदा फराळाचा एक डबा लांब जायचा आहे. चकल्या मोडू नयेत म्हणून तो कसा बांधावा, हे मी शेजारच्या काकूंना विचारीत असतो. तेवढा एक किल्ला बांधायची मला मुभा असावी.