आधी ग्रॅम, मग ग्राफाइट

आयर्नचा सेट घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या पुरुष गोल्फरांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "माझं ग्राफाइटचं वय झालं का हो?" स्टील म्हणजे तरुण, ताकदीचा, खरा खेळाडू; ग्राफाइट म्हणजे बायका, निवृत्त मंडळी आणि कोपर धरलेले लोक, ही विभागणी डोक्यात पक्की असते. मी क्लबचं फिटिंग करतो. चुकीचे शाफ्ट गळ्यात पडण्याला या समजुतीइतकं दुसरं काही कारणीभूत झालेलं मी पाहिलेलं नाही.

समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं स्टीलच्या शाफ्टला १९२४ मध्ये मान्यता दिली, सेंट अँड्र्यूजच्या 'आर अँड ए'नं १९२९ मध्ये. तरी बॉबी जोन्सनं १९३० चा ग्रँड स्लॅम हिकरीच्या लाकडी दांड्यांनीच मारला. पुढच्याच वर्षी बिली बर्कनं स्टीलनं यूएस ओपन जिंकली आणि हिकरीचे दिवस भरले. ग्राफाइट आलं १९७० च्या सुमारास. तेव्हाचे शाफ्ट हलके होते, पण फटक्यात पिळायचे, आणि एका सेटमधले दोन शाफ्टही एकसारखे निघतील याची खात्री नसायची. लांबीच्या मोहापायी ड्रायव्हरमध्ये लोकांनी ते चालवून घेतलं. आयर्नमध्ये कोण चालवून घेणार? तिथं चेंडू लांब नको, नेमका हवा.

ती तक्रार आता जुनी झाली. स्टीलचा शाफ्ट ही पोकळ नळी. हलकी करायची तर तिची भिंत पातळ करावी लागते, आणि भिंतीला हात लावला की ताठपणाही बदलतो. ग्राफाइटचा शाफ्ट कार्बन तंतूंचे राळेत भिजवलेले पापुद्रे सळईवर गुंडाळून, भट्टीत भाजून तयार होतो. लांबीच्या दिशेनं घातलेले तंतू वाकणं आवरतात, तिरके घातलेले पीळ आवरतात. त्यामुळे वजन, लवचीकता आणि पीळ या तिन्ही गोष्टी बनवणाऱ्याला बऱ्याच अंशी वेगवेगळ्या ठरवता येतात. २०२० मध्ये ब्रायसन डिशाम्बोनं विंग्ड फूटवर यूएस ओपन जिंकली, तेव्हा त्याच्या आयर्नमध्येही ग्राफाइटच होतं. त्याला अशक्त म्हणायची कोणाची छाती नाही. व्यावसायिकांत आयर्नसाठी आजही बहुमत स्टीलकडेच आहे, पण त्यात सवयीचा आणि भरवशाचा वाटा मोठा.

म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी वजन विचारायला लावतो. 'डायनॅमिक गोल्ड'सारखा जुना, वजनदार स्टील शाफ्ट १३० ग्रॅमच्या आसपास भरतो. हलकं स्टील शंभराच्या खाली येतं. ग्राफाइट पन्नाशीपासून थेट शंभरीपार मिळतं. म्हणजे मधल्या पट्ट्यात दोन्ही आहेत. शाफ्टवरच्या ताठपणा दाखवणाऱ्या 'आर' किंवा 'एस' या अक्षरावरही विसंबू नका. त्याला सर्व कंपन्यांचं मिळून असं प्रमाण नाही. एकाचा 'आर' दुसऱ्याच्या 'एस'इतका ताठ निघू शकतो.

फसगत होते ती नुसता शाफ्ट बदलल्यावर. शाफ्ट साधारण नऊ ग्रॅमनं हलका झाला की स्विंगवेट, म्हणजे क्लब फिरवताना हेडकडे जाणवणारा भार, एका अंकानं उतरतं. १२५ ग्रॅमचं स्टील काढून ७५ चं ग्राफाइट घातलं, तर पाच-सहा अंक गेले. मग खेळाडू म्हणतो, "हेड कुठंय तेच कळत नाही." ते परत आणायला हेडकडे अंकाला दोन ग्रॅम या हिशेबानं वजन घालावं लागतं, नाहीतर क्लब थोडा लांब करावा लागतो. या कामाचे पैसे वाचवणाऱ्यानं शाफ्टवरही पैसे घालू नयेत.

सांध्यांचा मुद्दा मात्र खरा आहे. ग्राफाइट कंपन जास्त शोषतं. उन्हाळ्यात दख्खनची जमीन दगडासारखी होते, आणि रेंजवर पातळ मॅटखाली काँक्रीट असतं. तिथं जमिनीवर बसलेला प्रत्येक फटका मनगटातून कोपरापर्यंत जातो. कोपर दुखत असेल तर वय पंचवीस असलं तरी ग्राफाइट लावा, आणि डॉक्टरकडेही जा. निगा दोघांनाही लागते. पावसाळ्यात ओली बॅग बंद ठेवली की स्टीलवर गंज धरतो; ग्राफाइटला गंज नाही, पण खोल ओरखडा पडला तर तो तपासल्याशिवाय खेळू नये. हेड काढताना ग्राफाइट कधी पिळू नये, बेतानं तापवून सरळ ओढावं. घरी बर्नर घेऊन बसणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतो.

निवड करताना सात नंबरचं एकच हेड, एकच लांबी ठेवा आणि फक्त शाफ्ट बदला. थोडं दमल्यावरही मारून बघा, कारण पंधराव्या होलला तुम्ही दमलेलेच असता. सर्वांत लांब गेलेला चेंडू हिशेबात धरू नका. सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब यांतलं अंतर मोजा. ते ज्या शाफ्टनं कमी होईल तो तुमचा. दोन्ही बरोबरीत सुटले आणि अंग दुखत नसेल, तर स्टील घ्या. ते बहुधा स्वस्त पडतं, आणि उरलेल्या पैशांत चार धडे घेता येतात.