मोकळा ग्लास

दारू सोडल्यानंतरची माझी पहिली गटारी अंबरनाथ पश्चिमेला, एका मित्राच्या गच्चीवर झाली. आषाढ अमावास्या, पाऊस नुकताच थांबलेला, मटणाचा वास. ‘तुझ्यासाठी मँगो ज्यूस आणलाय रे,’ म्हणत त्यानं ग्लास भरला. प्रेमानंच.

दोन घोटांत तो संपला. बाकीच्यांचा पहिला पेग अर्ध्यावरही आला नव्हता. मोकळा ग्लास दिसला की कुणीतरी बाटली पुढे करतंच. ‘एकानं काय होतंय?’ तिसऱ्यांदा विचारल्यावर मी नाही म्हणू शकलो नाही. 7 महिन्यांचा हिशेब त्या रात्री शून्यावर आला.

नंतर शांतपणे विचार केला. सरबत गटागटा जातं, कारण गोड-गार गोष्टीला जीभ अडवत नाही. दारू अडवते. ती कडवट असते, घसा जाळते, म्हणून घुटके घ्यावे लागतात आणि त्या घुटक्यांच्या मधे गप्पा होतात. मला तो अडथळा हवा होता.

आधी अमृत कोकम करून पाहिलं. पुन्हा तेच, साखर. मग आगळ आणलं: पिकल्या कोकमांचा, मीठ घालून टिकवलेला रस. साखरेचा कण नाही. त्यात कडक कोरा चहा घातला. चहातली टॅनिन्स रेड वाइनसारखंच तोंड कोरडं करतात. राहिली जळजळ. ती आल्यानं आणली. दारू, मिरची आणि आलं तोंडातल्या एकाच ग्राहीला डिवचतात, हे वाचल्यावर मला फार हायसं वाटलं होतं.

प्रमाण असं: दोन चमचे आगळ, अर्धी वाटी गार कोरा चहा, चमचाभर आल्याचा रस, एक चिरलेली मिरची पाच मिनिटं बुडवून काढलेली, बर्फ, वरून सोडा. वेगळं मीठ नको, आगळात भरपूर असतं.

पुढच्या गटारीला ते घेऊन त्याच गच्चीवर गेलो. एक ग्लास पाऊण तास पुरला. दारूची आठवण आलीच नाही, असं म्हणणार नाही. पण हात मोकळा नव्हता, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

रात्री उशिरा एक मित्र शेजारी येऊन बसला. ‘अजून आहे का रे ते लाल?’ त्यानं हळूच विचारलं. मी कारण विचारलं नाही. आलं किसायला घेतलं.