रस्त्यावरचा कॉक

दिवाळी झाल्यावर चार दिवस लेकाकडं शहरात राहावं म्हणून गेलो. त्याच्याकडं एक दिवसाआड पहाटे दोन तास पाणी येतं. पहिल्याच पहाटे बाहेर खळखळ ऐकू आली. बॅटरी घेऊन पाहतो तर कुंपणाबाहेर, रस्त्याकडेच्या खड्ड्यात नळाचा कॉक गळतोय. चावी फिरवली तर नुसतीच गरगर फिरे. आतला दांडाच तुटलेला. पाणी चाललं होतं गटारात.

लेक म्हणाला, "आबा, दोन महिने झाले. पाणीपट्टी वर्षाची ठोक असते, गळलं तरी तेवढीच."

राग आला नाही, वाईट वाटलं. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. माझी आई विहिरीच्या तळाशी उतरून झऱ्याचं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायची. तिचा हा नातू!

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, नळ तुमचा, प्लंबर बोलवा. प्लंबर म्हणाला, रस्ता उकरावा लागेल, परवानगीशिवाय कुदळ मारली तर माझं लायसन जाईल. दोघंही खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत! तीन खेपा झाल्या. इकडं गावाकडं हरभऱ्याची पेरणी खोळंबलेली.

मग मंडळी, पुढच्या पाळीला गळतीचं पाणी डब्यानं धरून बादलीत ओतलं. १५ लिटरची बादली ३ मिनिटांत भरली. म्हणजे दोन तासांत ६०० लिटर, टँकरखाली लावतो तशी ३ पिंपं! हे आकडे अर्जात लिहिले आणि नकलेवर आवक क्रमांक, शिक्का मागून घेतला. (सोसायटीच्या कर्जानं शिकवलेलं शहाणपण, दुसरं काय!)

नक्कल दाखवली ती पहाटे गल्लीला पाणी सोडणाऱ्या वॉलमनला. चहा घेता घेता तो म्हणाला, "काका, उताराच्या शेवटच्या घरांना पाणी पोचत नाही, शिव्या मी खातो. चला, मीच येतो साहेबांकडं." त्यानं सांगितल्यावर साहेबांनी अर्ज वर काढला. दोन दिवसांनी खोदाईची सही मिळाली. लेकानं नवा पितळी कॉक आणला आणि प्लंबरनं तासाभरात बसवला.

चार दिवसांसाठी गेलो होतो, नऊ राहिलो. निघायच्या दिवशी पहाटे पाणी आलं. शेवटच्या घरातल्या आजी चढ चढून सांगायला आल्या, "आज धार आली हो!" लेक खड्ड्यात वाकून कॉकखाली हात फिरवत होता, ओल लागते का पाहायला.

मी सातची एसटी गाठली. रानाचा वापसा मोडत आला होता.